गुडघ्याच्या गादीच्या जागी कंडरा बसवता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघ्याची झिजलेली गादी काढून तिथे टेंडन बसवतात, असं ऐकलं. खरं आहे का?

तुम्ही कोणत्या गादीबद्दल विचारताय, त्यावर उत्तर ठरतं. हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर म्हणजे सांध्याची कूर्चा. तिच्या जागी टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, बसवण्याची मान्य शस्त्रक्रिया नाही. दोन हाडांच्या मधली चकती म्हणजे मेनिस्कस. त्याच्या जागी कंडरा बसवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ती रोजच्या वापरातली पद्धत झालेली नाही. गुडघ्यात कंडरा हमखास वापरली जाते ती तुटलेल्या लिगामेंटसाठी. लिगामेंट म्हणजे दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, गादी नव्हे.

‘गादी गेली’ या एका शब्दाखाली लोक या तिन्ही गोष्टी सांगतात. शस्त्रक्रिया करणारा गुडघा तपासून ते वेगळं करतोच. पण रुग्णाच्या मनातला घोळ तसाच राहिला, तर शस्त्रक्रियेकडून त्याच्या अपेक्षा भलत्याच होतात, म्हणून पुढचं सगळं जरा सविस्तर लिहिलं आहे.

म्हणजे गुडघ्यात दोन प्रकारच्या गाद्या असतात?

हो. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग आणि वाटीची आतली बाजू यांवर कूर्चेचा थर असतो. तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो, वाटीच्या मागे त्याहून जाड. त्याला रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. कूर्चा झिजली की दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं आतलं अस्तर.

मेनिस्कस हे प्रकरण वेगळं. प्रत्येक गुडघ्यात असे दोन असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आकार अर्धचंद्रासारखा, कडेला जाड आणि मध्याकडे पातळ. मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि नडगीचा माथा जवळपास सपाट. या दोहोंमधली फट मेनिस्कस भरून काढतो आणि वजन पसरवतो. सांध्यावरच्या भाराचा निम्म्याहून अधिक वाटा त्याच्यातून जातो.

कंडराही पांढरी, कूर्चाही पांढरी, दोन्हींत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन. मग एकीच्या जागी दुसरी का चालत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो समजला की बाकीचं आपोआप उलगडतं.

कंडरेचं काम ओढ सहन करायचं. स्नायू आखडला की हाड ओढलं गेलं पाहिजे, म्हणून तिच्यातले तंतू दोरखंडासारखे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर असतात. हे कोलॅजन मुख्यतः टाइप-१. दोरखंड ओढला तर कमाल ताकदीचा. त्यावर उभे राहा, तो चेपतो, पसरतो, तंतू सुटे होतात.

कूर्चेचं काम दाब सहन करायचं आणि घसरू द्यायचं. तिच्यात मुख्यतः टाइप-२ कोलॅजनचं जाळं असतं, तेही थराथराने दिशा बदलणारं. वर पृष्ठभागाला समांतर, मध्ये तिरकं, खाली हाडात उभं रोवलेलं. त्या जाळ्यात प्रोटिओग्लायकॅन नावाचे पाणी धरून ठेवणारे रेणू अडकलेले असतात. ओल्या कूर्चेच्या वजनाचा 65 ते 80 टक्के भाग पाण्याचा. पाय टेकला की पाण्यावर दाब येतो, पण जाळं इतकं घट्ट की पाणी झटकन बाहेर पडत नाही, आणि भार बराचसा त्या पाण्यावरच पेलला जातो. निरोगी सांध्यातलं घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होतं त्याहूनही कमी असतं.

सांध्यात घातलेल्या बारीक दुर्बिणीतून पाहताना हा फरक हाताला कळतो. चांगल्या कूर्चेवर आकड्यासारखी सळई टेकवली की ती किंचित दबते आणि सळई उचलताच पुन्हा वर येते. पृष्ठभाग चकाकता, एकही रेघ नाही. बिघडलेल्या कूर्चेत सळई रुतते, आणि सांध्यात सोडलेल्या पाण्यात तिचे तंतू ओल्या कापसासारखे हलत असतात. कंडरा तिथे नेऊन बसवली तर काही दिवसांनी तिचीही हीच गत होईल.

आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी. कंडरा मूळ जागेवरून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी रुजायचं तर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरायला हव्यात. हाडात पाडलेल्या बोगद्यात हे घडतं. सांध्याच्या मधोमध, दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने चेपल्या जाणाऱ्या जागी, ते घडणं फार कठीण.

पण हाताच्या अंगठ्याच्या सांध्यात कंडरेची गुंडाळी बसवतात ना?

बसवतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं झिजलेलं छोटं हाड पूर्ण काढून टाकतात आणि मनगटाच्या एका कंडरेचा भाग गुंडाळून त्या पोकळीत ठेवतात. ही जुनी, रुळलेली शस्त्रक्रिया आहे. पण तिथे कंडरा कूर्चा बनत नाही. ती पोकळीत भरलेली मऊ गुंडाळी आहे, अंगठा खाली सरकू नये म्हणून. नुसतं हाड काढून कंडरा न ठेवताही बऱ्याच रुग्णांना तितकाच आराम मिळतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. गुडघ्यातलं हाड असं काढून टाकता येत नाही. त्यावर अख्खं शरीर उभं राहायचं असतं.

हाडावरच्या कूर्चेसाठी शरीरातली दुसरी कोणती ऊती कधी वापरून पाहिली आहे का?

पाहिली आहे. फासळीच्या कूर्चेवरचं पातळ आवरण आणि हाडावरचं आवरण, ही दोन्ही खड्ड्यांवर लावून पाहिली गेली. या आवरणांत कूर्चा तयार करू शकणाऱ्या पेशी असतात, म्हणून कल्पना चांगली होती. सुरुवातीला भरावही दिसला. पण काही रुग्णांत पुढे त्या भरावात कॅल्शियम साचून तो कडक होऊ लागला, आणि ही पद्धत मागे पडली. कंडरेत तर अशा पेशींचा तो थरही नसतो.

मेनिस्कसच्या जागी कंडरा: इथे आशा आहे का?

आहे, पण मोजूनमापून.

मेनिस्कसमध्ये कूर्चेसारखं टाइप-२ नव्हे, तर कंडरेसारखंच टाइप-१ कोलॅजन जास्त असतं. त्याचे मुख्य तंतू गोलाकार फिरतात आणि भार आला की पिंपाच्या लोखंडी पट्टीसारखे ताणले जातात. म्हणजे मेनिस्कसचं निम्मं काम ओढ सहन करण्याचंच आहे. शिवाय तो सांध्याच्या पिशवीला चिकटलेला असतो, तिथून रक्त मिळू शकतं. म्हणून कंडरेचा पट्टा अर्धचंद्रासारखा वळवून, दोन्ही टोकं हाडात रोवून आणि कड पिशवीला शिवून मेनिस्कस का करू नये, हा विचार अनेकांच्या मनात आला.

मेंढ्या आणि सशांवर प्रयोग झाले. पट्टा जगला, त्यात पेशी आल्या, काही ठिकाणी तो मेनिस्कससारखा दिसूही लागला. पण खऱ्या मेनिस्कसची ताकद आणि कूर्चा वाचवण्याची क्षमता त्याला आली नाही. माणसांत 2000 च्या सुमारास मोजक्या रुग्णांवर मांडीमागची कंडरा वापरून पाहिली गेली, तेव्हा निकाल निराशाजनक होता. अलीकडे स्वीडनमध्ये पुन्हा मोजक्या रुग्णांवर हा प्रयत्न झाला आणि एमआरआयमध्ये पट्टा काही अंशी मेनिस्कससारखा बदलताना दिसला. हे वाचून मला खरंच आनंद झाला, कारण दात्याचा मेनिस्कस मिळत नाही अशा तरुण रुग्णाला देण्यासारखं आज फारसं काही हातात नसतं. पण इतक्या कमी लोकांवरून ‘करून घ्या’ असं मी कुणाला सांगणार नाही. कुणी ही शस्त्रक्रिया सुचवली, तर ती संशोधनाचा भाग आहे का, हे स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या.

मेनिस्कस काढून टाकला आहे आणि त्या बाजूला दुखतंय. खात्रीचा पर्याय कोणता?

दात्याचा मेनिस्कस बसवणं. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा 1984 मध्ये म्युनिकला झाली. मरणोत्तर दान केलेला मेनिस्कस ऊतीपेढीत गोठवून ठेवतात. एक्स-रे किंवा एमआरआयवरून तुमच्या गुडघ्याचं माप घेतात आणि त्या मापाचा मेनिस्कस शोधतात. माप चुकलं तर सगळं फसतं. मग दुर्बिणीतून तो आत नेऊन टोकं हाडात बसवतात आणि कड शिवतात. मूत्रपिंडासारखा रक्तगट जुळवावा लागत नाही आणि आयुष्यभर औषधंही घ्यावी लागत नाहीत.

पण हाडावरची कूर्चा बऱ्यापैकी शाबूत असेल, पाय सरळ असेल आणि लिगामेंट घट्ट असतील, तरच याचा उपयोग. कूर्चा पूर्ण गेलेल्या गुडघ्यात नवा मेनिस्कस फार काळ टिकत नाही.

मेनिस्कसचा थोडाच भाग गेला असेल आणि कड शाबूत असेल, तर कोलॅजनचा किंवा पॉलियुरेथेनचा जाळीदार तुकडा शिवण्याचीही पद्धत आहे. निकाल संमिश्र आहेत.

मेनिस्कस फाटला तर काढून टाकणंच बरं, असं काही जण म्हणतात.

कृपया असं म्हणू नका, आणि कुणी म्हटलं तर दुसरं मत घ्या.

1897 मध्ये सटन या इंग्रज शल्यविशारदाने मेनिस्कस हा पायातल्या स्नायूचा निरुपयोगी अवशेष आहे, असं लिहिलं होतं. त्यानंतर कित्येक दशकं फाटलेला मेनिस्कस सर्रास अख्खा काढला जात असे. 1948 मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे तपासून दाखवलं की फट अरुंद होते, हाडाचं टोक चपटं होतं आणि कडेला कंगोरा वाढतो. त्याच्याही आधी, 1883 मध्ये, एडिंबरामध्ये ॲनन्डेल यांनी मेनिस्कस टाके घालून जागेवर बसवला होता. म्हणजे वाचवण्याची वाट आधीच सापडली होती, तिच्यावर परत यायला शंभरेक वर्षं लागली.

बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली फाट शिवली तर भरून येऊ शकते. आतल्या पातळ कडेला रक्त नाही, तिथे टाके सहसा धरत नाहीत. आणि उतारवयात झिजून फाटलेल्या मेनिस्कसला बहुतेकदा व्यायामाने आराम पडतो, शस्त्रक्रिया लागतच नाही.

हाडावरच्या कूर्चेला खड्डा पडला आहे. कोणते मार्ग आहेत?

शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्ये लिहून ठेवलं की एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही. ते आजही बऱ्याच अंशी खरं आहे. पुढचे सगळे मार्ग म्हणजे ती अडचण ओलांडण्याचे प्रयत्न.

खड्ड्याच्या तळाच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडणं ही मायक्रोफ्रॅक्चरची पद्धत. छिद्रांतून अस्थिमज्जेतलं रक्त वर येतं, त्याची गुठळी धरते आणि तिचं व्रणासारख्या तंतुमय कूर्चेत रूपांतर होतं. शस्त्रक्रिया सोपी, एकाच टप्प्याची. पण भराव अस्सल कूर्चेचा नाही. लहान, साधारण दोन चौरस सेंटिमीटरच्या आतल्या खड्ड्यांत सुरुवातीला छान आराम पडतो, पुढच्या काही वर्षांत तो अनेकांचा ओसरतो. म्हणून हल्ली त्यावर कोलॅजनचा पडदा लावण्याची जोड दिली जाते.

मोझेकप्लास्टीमध्ये गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेवरून हाड आणि कूर्चा यांचे जोडीने छोटे दंडगोल काढतात आणि खड्ड्यात ठोकून बसवतात, फरशीचे तुकडे जुळवावेत तसे. हंगेरीचे शल्यविशारद हँगोडी यांनी 1992 पासून ती रुळवली. अस्सल कूर्चा मिळते, हा मोठा फायदा. पण जिथून काढलं तिथे नवी जागा दुखावते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यासाठी पुरेसा माल नसतो.

तिसरा मार्ग पेशी वाढवण्याचा. आधी दुर्बिणीतून कूर्चेचा चिमूटभर तुकडा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशींची संख्या वाढवतात, मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात सोडतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे 1987 मध्ये पहिल्या रुग्णावर हे झालं, आणि 1994 मध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. आता पेशी बहुधा कोलॅजनच्या पडद्यावर पेरून बसवतात. मोठे पण उथळ खड्डे असलेल्या तरुण रुग्णांसाठी ही पद्धत चांगली. दोन शस्त्रक्रिया आणि भरपूर संयम मात्र हवा.

खड्डा मोठा आणि खालचं हाडही बिघडलेलं असेल, तर दात्याचा हाड-कूर्चेचा ताजा तुकडा बसवतात. हा गोठवत नाहीत, कारण गोठवलं की कूर्चेच्या पेशी मरतात. चार अंश सेल्सिअसला ठेवतात आणि सहसा 28 दिवसांच्या आत वापरतात. संसर्गाच्या चाचण्यांतच त्यातले दोनेक आठवडे जातात, त्यामुळे जुळणारा दाता मिळाला की रुग्णाला तातडीने बोलावलं जातं.

माझ्या ओळखीत एकाच्या गुडघ्यात मांडीची कंडरा घातली आणि तो आता खेळतो. ते काय होतं मग?

बहुधा गुडघ्याच्या आतल्या पुढच्या क्रॉस लिगामेंटची (एसीएल) पुनर्बांधणी. खेळताना पाय रोवून अंग वळलं की ते तुटतं, आणि त्याच झटक्यात बरेचदा मेनिस्कसही फाटतो. एकाच भुलीत दोन्ही कामं झाली की घरी सांगताना ‘गादी बदलली’ एवढंच सांगितलं जातं.

लिगामेंट घट्ट करणं ही गादी वाचवण्याचीच शस्त्रक्रिया आहे, हेही खरं. गुडघा सटकत राहिला तर मेनिस्कस आणि कूर्चा दोन्ही घासत जातात.

कंडरा कुठून काढतात? तिथे कमजोरी येत नाही का?

मांडीच्या मागच्या, आतल्या बाजूची सेमिटेंडिनोसस ही सर्वांत जास्त वापरली जाते. गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला हात लावून पाय वाकवलात, तर बोटांना ताठ दोरीसारखी लागते ती हीच. नडगीवर आतल्या बाजूला लहानसा छेद घेतात, कंडरेचं टोक पकडतात आणि कडीसारखं हत्यार तिच्यावरून मांडीत वर सरकवत नेतात. वर स्नायूपासून सुटली की हातात पाव मीटरच्या आसपास लांब, चमकदार पांढरी पट्टी येते. तिला चिकटलेला लाल स्नायू खरवडून काढायचा, टोकं धाग्याने गुंफायची, दुहेरी-चौपदरी घडी करायची आणि फळीवर ताणून ठेवायची. बारीक दिसणारी ती पट्टी चौपदरी झाली की ताणून तुटता तुटत नाही.

काढलेली कंडरा पुष्कळ रुग्णांत वर्षभरात पुन्हा उगवते, पालीच्या शेपटीसारखी. ती अगदी मूळच्या जागी चिकटत नाही, आणि पाय पूर्ण मागे दुमडतानाची ताकद थोडी कमी राहू शकते. चालणं, जिने चढणं यांत बहुतेकांना फरक जाणवत नाही. छेदाशेजारी त्वचेला बधिरपणा येतो, तो आधी सांगितलेला नसेल तर माणूस उगाच घाबरतो.

वाटीखालची कंडरा घेतली तर गुडघे टेकून बसताना दुखू शकतं. वाटीवरची कंडराही हल्ली बरीच वापरली जाते.

दात्याची कंडरा वापरली तर?

स्वतःच्या अंगावर जखम होत नाही, पण रुजायला जास्त वेळ घेते. तरुण खेळाडूंमध्ये ती पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त आहे.

पाय धनुकलीसारखा वाकलेला आहे. आधी काय करावं?

आधी पाय सरळ. वाकलेल्या पायात बराचसा भार आतल्या बाजूवर पडतो. तिथे कोणतीही नवी कूर्चा किंवा मेनिस्कस बसवला तरी तो त्याच भाराखाली चिरडतो. नडगीच्या हाडाला छेद देऊन कोन बदलणं ही ऑस्टिओटॉमी कधीकधी एकटीच पुरते. ही शस्त्रक्रिया ऐकायला भीतिदायक वाटते, म्हणून रुग्ण ती टाळून ‘फक्त गादीचं बघा’ म्हणतात. त्यांची भीती मला समजते, पण या क्रमात तडजोड करू नये.

सगळाच गुडघा झिजला असेल तर?

मग खड्डा भरण्याचे वरचे मार्ग लागू पडत नाहीत. ते एखाद-दुसऱ्या मर्यादित जागेसाठी आहेत. वजन कमी करणं, मांडीचे स्नायू बळकट करणं, वेदनाशामक औषधं, आणि शेवटी अर्धा किंवा पूर्ण कृत्रिम सांधा, असा तो रस्ता आहे.

इंजेक्शनने गादी परत येते का? स्टेम सेल, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग) वगैरे?

काहींना काही महिने दुखणं कमी होतं. गेलेली कूर्चा इंजेक्शनने परत उगवते, हे सिद्ध झालेलं नाही.

पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो?

लिगामेंटसाठी बसवलेली कंडरा पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट कमजोर होते. जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि मधल्या काळात ती नाजूक असते. नेमकं तेव्हाच रुग्णाला बरं वाटू लागतं, आणि घात इथेच होतो. वळणावळणाच्या खेळाकडे निदान नऊ महिन्यांनी, तेही ताकदीची चाचणी पार झाल्यावर.

मेनिस्कस बसवल्यावर साधारण सहा आठवडे कुबड्या आणि वाकवण्यावर मर्यादा, उकिडवं बसणं काही महिने बंद. पेशी वाढवून बसवलेली कूर्चा घट्ट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. फिजिओथेरपी अर्धवट सोडली तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते.

धोके कोणते?

संसर्ग, पायात रक्ताची गुठळी, गुडघा आखडणं, बसवलेला भाग न रुजणं, दुसरी शस्त्रक्रिया लागणं. धूम्रपानाने रुजणं मंदावतं, त्यामुळे अनेक शल्यविशारद ते सोडल्याशिवाय कूर्चेची शस्त्रक्रिया करत नाहीत.

डॉक्टरांना भेटायला जाताना काय विचारू?

एमआरआयचा कागद पुढे ठेवून विचारा: माझं बिघडलेलं नेमकं काय आहे, हाडावरची कूर्चा, मेनिस्कस की लिगामेंट? खड्डा किती चौरस सेंटिमीटरचा आहे आणि खालचं हाड कसं आहे? उभं राहून काढलेल्या पूर्ण पायाच्या एक्स-रेत पाय सरळ दिसतो का? तुम्ही सुचवलेली शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे? आणि काहीच केलं नाही, फक्त व्यायाम केला, तर सहा महिन्यांनी मी कुठे असेन? या शेवटच्या प्रश्नाला जो शांतपणे, वेळ देऊन उत्तर देतो, त्याच्याकडे पुन्हा जा.